बिजागरी कडक झाली होती म्हणून प्लास्टिक तुटलं

माझं डीटीपीचं काम आहे, साताऱ्यात, घरातूनच. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांचे वार्षिक अहवाल, पतसंस्थांची पासबुकं असलं सगळं. आणि हे सगळं एका लॅपटॉपवर चालतं, २०१८ मध्ये घेतलेला, आठव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, १ टीबीची हार्ड डिस्क. त्यावर डिझाइनचं कोरल, मराठी अक्षरांचं श्रीलिपी आणि बारा वर्षांच्या फायली. हा बंद पडला तर माझी चूल बंद पडते, इतकं साधं आहे ते.

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी, म्हणजे लग्नसराईची कामं नुकती यायला लागली तेव्हा, त्याला एकदम तीन दुखणी झाली. झाकण उघडताना डाव्या बिजागरीतून कट्ट असा आवाज यायचा आणि खालच्या कोपऱ्यात फट पडायची, इतकी की आतली वायर दिसायची. टचपॅडचं डावं बटण दाबलंच जाईना. आणि फॅन सारखा ओरडायचा, मोठी फाइल उघडली की मशीन गरम होऊन इतकं मंद व्हायचं की अक्षर टाइप केल्यावर दोन सेकंदांनी स्क्रीनवर उमटायचं.

दुकानात दाखवला. त्यांनी वरवर बघून सांगितलं, बिजागरीचं फॅब्रिकेशन, म्हणजे तुटलेलं प्लास्टिक परत बांधून द्यायचं काम, ३,५००, टचपॅड बदलायला लागेल त्याचे वेगळे, सर्व्हिसिंगचे १,२००, आणि आठ दिवस ठेवून जा. पैसे मी कसेही केले असते पण फेब्रुवारीत आठ दिवस मशीन दुसऱ्याकडे म्हणजे सात-आठ पत्रिका हातच्या गेल्या, आणि त्यात गिऱ्हाइकांची नावं पत्ते फोन नंबर सगळं आहे ते मला असं सोडून यायला जमेना. मी परत आणला.

माझे पप्पा एसटीत मेकॅनिक होते, रिटायर झालेत. त्यांनी आयुष्यात लॅपटॉप उघडलेला नाही, इंजिनं उघडलीत. त्यांनी तो टेबलावर ठेवला, झाकण हळूहळू उघडलं, परत मिटलं, परत उघडलं, असं चार-पाच वेळा केलं आणि म्हणाले, "तुटलंय कुठं ते कुनालाबी दिसतं. का तुटलं ते आधी बघायचं. तू नुसतं चिकटवलंस तर पुन्हा तुटंल." मला तेव्हा वाटलं की झाकण खूप वेळा उघडलं म्हणून तुटलं, अजून काय. पण हेच वाक्य पुढे तिन्ही दुखण्यांना लागू पडलं, म्हणून आधी लिहून ठेवते.

उघडायच्या आधी मी दोन कामं केली. सगळा डेटा दोन ठिकाणी कॉपी केला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते करायचंच असतं. आणि विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट ही कमांड दिली. त्यातून एक फाइल तयार होते, तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ता पूर्ण चार्ज झाल्यावर भरणारी क्षमता असे दोन आकडे असतात. माझी मूळ ४१,००० मिलिवॅट-अवर होती आणि आता भरत होती १७,०००. म्हणजे बॅटरी गेलीच होती, मला कळलं नव्हतं कारण मी कायम चार्जर लावूनच काम करायची.

मग सर्व्हिस मॅन्युअल शोधलं. हे खूप जणांना माहीत नसतं पण डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या बऱ्याच मॉडेलची मॅन्युअलं त्यांच्या साइटवर फुकट ठेवतात, त्यात कुठला स्क्रू कुठे आणि आधी काय काढायचं ते चित्रासकट दिलेलं असतं. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, तेही याच विचाराने, की वस्तू विकत घेतली तर ती दुरुस्त करायची माहितीही घेणाऱ्याला मिळावी. माझ्या मते हा हक्क फार मोठा आहे. मॅन्युअल हातात आलं आणि अर्धी भीती गेली.

हत्यारं फार लागत नाहीत. बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, पीएच झिरो आणि पीएच डबल झिरो या मापांचे, टोकाला चुंबक असलेले. प्लास्टिकचं एखादं पातळ कार्ड, मी जुनं एटीएम कार्ड घेतलं. आणि पप्पांनी माझ्याच कामातला एक वाया गेलेला जाड पत्रिकेचा शीट मागून घेतला, त्यावर लॅपटॉपची बाह्यरेषा काढली, आणि जो स्क्रू जिथून निघेल तो त्या चित्रात तिथेच भोक पाडून खोचायचा असं ठरलं. डेपोत ते असंच करायचे म्हणे, बोल्ट ज्या भोकातला त्याच भोकात. लॅपटॉपमध्ये याला खरंच महत्त्व आहे कारण सगळे स्क्रू सारखे दिसले तरी लांबी वेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी फिरवला तर तो खालच्या बोर्डात किंवा वरच्या कीबोर्डच्या बाजूला घुसतो आणि मग ते नुकसान घरी भरून निघत नाही.

मागचे दहा स्क्रू काढले. कार्ड फटीत घालून कडेने सरकवलं, कट कट करत क्लिपा सुटत गेल्या, पण मागची बाजू काही केल्या सुटेना. मी जोर लावणार इतक्यात पप्पा म्हणाले, "थांब. जोर लावायला लागतोय म्हंजे आत कायतरी राहिलंय." मॅन्युअल परत बघितलं तर मागच्या रबरी पट्टीखाली अजून दोन स्क्रू होते. पट्टी नखाने उचलली, दोन्ही काढले, आणि झाकण हातात आलं.

आणि मग टचपॅडचा उलगडा झाला. बॅटरी बरोबर टचपॅडच्या खाली असते, आणि ती फुगली होती. तीन सेलपैकी मधला तव्यावरच्या फुलक्यासारखा टम्म. तो खालून टचपॅडला ढकलत होता म्हणून बटण दाबलं जात नव्हतं. टचपॅड ठणठणीत होता. दुकानात तो बदलला असता तर पैसे गेले असते आणि फुगलेली बॅटरी तशीच राहिली असती.

फुगलेल्या बॅटरीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे चूक झाली तर आग लागते. आतलं रसायन खराब होऊन गॅस तयार होतो आणि पाकीट फुगतं. ती टोचायची नाही, दाबायची नाही, वाकवायची नाही, धातूच्या कशानेही उचकटायची नाही, आणि फुगलेली दिसली की परत चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. मी आधी बोर्डातून बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या कार्डाने सोडवला, मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं म्हणजे बोर्डात उरलेला करंट निघून जातो. माझ्या लॅपटॉपमध्ये बॅटरी चार स्क्रूंवर होती, चिकटवलेली नव्हती, त्यामुळे अलगद उचलता आली. चिकटवलेली आणि फुगलेली अशी असेल तर माझं स्पष्ट मत आहे, घरी करू नका, जाणकाराकडे न्या.

पप्पांनी तोवर रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि बांधकामावरची कोरडी वाळू आणली होती. डेपोत लाल बादल्यांत वाळू भरून टांगलेली असते ना, ती त्यांच्या डोक्यात. कनेक्टरवर चिकटपट्टी लावून बॅटरी डब्यात ठेवली, वरून वाळू, आणि डबा गच्चीच्या कोपऱ्यात जिथे सावली आहे आणि आसपास जळण्यासारखं काही नाही. ती कचऱ्यात टाकायची नसते, बॅटऱ्यांच्या कचऱ्यासाठी २०२२ पासून वेगळे नियम आहेत. पुढे ती मी ई-कचरा घेणाऱ्यांकडे नेऊन दिली.

बॅटरी का फुगली? पप्पांचा प्रश्न परत तोच. जुनी झाली हे आहेच, पण सात वर्षं कायम शंभर टक्के चार्जवर आणि कायम गरम. लिथियमच्या बॅटरीला या दोन्ही गोष्टी एकत्र चालत नाहीत. आणि गरम का, तर त्याचं उत्तर फॅनमध्ये होतं.

फॅनचा कनेक्टर सोडवून तीन स्क्रू काढून फॅन वेगळा केला, तर फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीची एक अख्खी पट्टी, नुसती धूळ नाही, दाबून दाबून झालेली घोंगडी. वाऱ्याची वाटच बंद. बाहेरून ब्लोअर मारून ती निघालीच नसती, उलट अजून आत बसली असती. चिमट्याने ती एकसंध काढली. बाकी कोऱ्या रंगाच्या ब्रशने आणि कॅमेऱ्याच्या लेन्सला वापरतात त्या रबरी फुग्याने साफ केलं. वारा मारताना पाती बोटाने धरून ठेवायची, मोकळी गरगर फिरू द्यायची नाहीत, बेअरिंग खराब होतं.

त्यानंतर दोन दिवस काम थांबवलं आणि पुण्याला गेले. स्वारगेटला उतरून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इलेक्ट्रॉनिक्सचं बारीकसारीक सामान घ्यायला पुण्यातली माणसं तिथेच जातात. तिथे आणि आसपास फिरून नवी बॅटरी, पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आर्क्टिक एमएक्स-४ ची थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता वरच्या तांब्याकडे नेणारा लेप) छोटी सिरिंज, ८ जीबीची डीडीआर-४ रॅम आणि ५०० जीबीचा एम डॉट टू एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान पट्टीसारखा स्टोरेज, एवढं घेतलं. सगळं मिळून मला साडेआठ हजाराच्या आत पडलं, त्यात रॅम-एसएसडी ही सुधारणा होती, नुसत्या दुरुस्तीचे साडेतीन हजारसुद्धा नाहीत.

बॅटरी घेताना जुन्या लेबलचा फोटो नेला होता ते फार बरं झालं. मला आधी जी काढून दिली ती दिसायला साधारण तशीच, पण तिच्यावर ७.६ व्होल्ट लिहिलेलं. माझी ११.४ ची. अशा बॅटरीत एक सेल ३.८ व्होल्टचा असतो, एकामागे एक दोन जोडले तर ७.६, तीन जोडले तर ११.४. आकार आणि मॉडेलचं नाव सांगून बॅटरी घेऊ नका, पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा आणि कनेक्टर डोळ्याने बघा.

आता थर्मल पेस्ट. प्रोसेसरवर तांब्याची नळी बसलेली असते, तिच्या चार स्क्रूंवर १ ते ४ आकडे छापलेले असतात. सोडवताना उलट क्रमाने, थोडं थोडं, एकदम एक पूर्ण नाही. नळी उचलली तर जुनी पेस्ट चुन्याच्या डबीत वाळलेल्या चुन्यासारखी झालेली, नखाने भुगा पडत होता. ती अल्कोहोलने पुसली. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पुसल्यावर चिप आरशासारखी चमकते, मला तर तिच्यात ट्यूबलाइट दिसली. ८२५०यू च्या पट्टीवर दोन चकाकते चौकोन असतात, एक मोठा एक छोटा, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये तांब्याचा पत्रा फक्त मोठ्यावर टेकतो. ते बघून मी घाबरले की दुसरा राहिला का काय, पण मॅन्युअलच्या चित्रातही तसंच होतं. पेस्ट अगदी थोडी, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि मग स्क्रू १, २, ३, ४ अशा क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळले.

मग बिजागरी, म्हणजे मुख्य काम. बिजागरीचा खालचा पाय कीबोर्डवाल्या पॅनेलला तीन स्क्रूंनी बसतो, दुकानवाले याला सी पॅनेल म्हणतात. ते स्क्रू ज्यात बसतात ते पितळी नट प्लास्टिकच्या छोट्या खुंट्यांमध्ये रुतवलेले असतात. माझ्या तीनपैकी दोन खुंट्या उखडल्या होत्या, पितळी नट स्क्रूला तसेच लटकत होते.

मी अरालडाइट कालवायला घेतलं आणि पप्पांनी हात धरला. "आधी ही फिरवून बघ." उजवी बिजागरी हाताने फिरवली, एकसारखी फिरत होती. डावी जागची हलेना. पक्कड लावावी लागली. तेव्हा मला समजलं ते काय म्हणत होते. बिजागरीच्या दांड्यावर वॉशर आणि एक नट असतो, त्यांच्या घर्षणामुळे झाकण हवं तिथे थांबतं. आतलं ग्रीस सुकलं की ती कडक होते. मग झाकण उघडताना जो जोर बिजागरीने फिरून घालवायचा तो सगळा त्या तीन प्लास्टिकच्या खुंट्यांवर येतो, रोज, दहा वेळा. मी ती नुसती चिकटवली असती तर महिन्याभरात परत निघाली असती, आणि मग मला वाटलं असतं की अरालडाइटच खराब.

शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दोन-तीन वेळा पुढे-मागे, आणि नट फक्त पाव फेरा सैल. परत तपासलं. अजून थोडीशी कडक, म्हणून अजून किंचित. उजवीएवढा जोर लागेपर्यंत असं केलं. जास्त सैल केलं तर झाकण मागे पडतं, म्हणून किती फिरवलं ते कागदावर लिहीत गेले. उरलेलं तेल नीट पुसून घेतलं, नाहीतर पुढे चिकटवलेलं धरत नाही.

मग प्लास्टिक पॉलिश पेपरने खरबरीत केलं, अल्कोहोलने पुसलं, दोन्ही ट्यूबमधलं अरालडाइट सारखं सारखं घेऊन कालवलं. फेविक्विक आणि खायचा सोडा ही युक्ती मला माहीत होती, लगेच दगडासारखं होतं, पण ते झटक्याला तडकतं आणि इथे रोज झटकाच बसणार. पितळी नट मोकळे चिकटवले नाहीत, ते बिजागरीला स्क्रूने बांधून, बिजागरी तिच्या जागी ठेवून, मगच भोवतीने भरलं, म्हणजे भोकं जुळतात. स्क्रूच्या आट्यांना व्हॅसलीन लावलं होतं, नाहीतर स्क्रूच चिकटून बसले असते. आणि मग पूर्ण चोवीस तास हात लावला नाही. मला सकाळी सात वाजताच बघायचं होतं, पण लाडवांचा डबा पोरांच्या हाताला लागू नये म्हणून वर ठेवतात तसा पप्पांनी लॅपटॉप कपाटावर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी रॅम, एसएसडी, बॅटरी बसवली. एसएसडी तिरका घालून खाली दाबला की एका बारीक स्क्रूने धरतात आणि तो स्क्रू रिकाम्या जागेत नव्हताच, एसएसडीच्या खोक्यातही नव्हता. घड्याळवाल्याकडून मागून आणला. सगळं जोडलं, बटण दाबलं. लाइट लागला, फॅन फिरला, स्क्रीन काळी.

ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. पुढच्या बुधवारी एक पत्रिका द्यायची होती, आणि मला वाटलं बोर्ड उडवला मी. पप्पांनी चहा टाकायला सांगितला. चहा होईस्तोवर मीच विचार केला की सगळ्यात शेवटी हलवलेली नवी वस्तू कुठली, तर रॅम. बॅटरी परत सोडवली, रॅम काढली, सोनेरी कडा कोऱ्या खोडरबरने हलके घासल्या, परत घातली आणि या वेळी दोन्ही बाजूच्या कड्या खट्ट आवाज करून बसेपर्यंत दाबली. पहिल्यांदा एक कडी अर्धवट राहिली होती. बटण दाबल्यावर आधी काही सेकंद काळंच राहिलं आणि मग कंपनीचं चिन्ह आलं.

आधी तीच मोठी अहवालाची फाइल उघडली की प्रोसेसर ९६-९७ डिग्रीला जायचा आणि स्वतःहून वेग कमी करायचा, १०० ही त्याची मर्यादाच आहे. आता तीच फाइल, तोच खोलीतला गारवा, ७५ च्या आसपास. टाइप केलेलं अक्षर तिथल्या तिथे उमटतं. बॅटरीला ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग मशीनमध्येच होती, इतकी वर्षं मी ती बघितलीच नव्हती, ती चालू केली.

मागचं झाकण लावायच्या आधी पप्पांनी मास्किंग टेपचा तुकडा मागितला आणि त्यावर पेनने तारीख घातली, खाली 'पेस्ट, फॅन, बॅटरी, डा. बिजागरी', आणि तो आतल्या बाजूला रिकाम्या जागी चिकटवला. गाडीचं काम केलं की कार्डावर लिहितात तसं.

या फेब्रुवारीत परत उघडला. बारा स्क्रू, रबरी पट्टीसकट, वीस मिनिटांत. फॅनमध्ये धूळ होती पण भुरभुरीत, ब्रशने निघाली. बॅटरी सपाट. अरालडाइटला कुठे केसभर चीर नाही, झाकण एका बोटाने उघडतं. टेपवर पहिल्या तारखेच्या खाली दुसरी तारीख मी माझ्या हाताने लिहिली, आणि 'फक्त साफसफाई'.